पारदेश्वरा, आम्हाला सपाटीवर भेट

पारदेश्वरा, महादेवा,

पारा तळहातावर ठरत नाही, फरशीवर सांडला तर कणाकणांनी पळतो. तोच पारा आमच्या परभणीत बांधला गेला आणि तुझं लिंग होऊन बसला. त्याच्यापुढे हात जोडून आज आधी पाऱ्याचीच एक हकिगत सांगते, कारण माझं मागणं तिच्यातूनच निघालं आहे.

१६४३ साली इटलीत तोरिचेल्लीच्या प्रयोगात काचेच्या नळीत पारा भरून ती उलटी धरली, तर पारा ७६ सेंटीमीटरच्या आसपास थांबला. बाहेरची हवा त्याला तोलून धरत होती. पाच वर्षांनी, १६४८ च्या सप्टेंबरात, फ्रान्समध्ये पास्कालच्या मेहुण्याने तशी नळी एका डोंगराच्या माथ्यावर नेली. तिथे पारा सुमारे ८ सेंटीमीटर खाली उतरला. खाली गावात ठेवलेल्या दुसऱ्या नळीतला पारा दिवसभर हलला नव्हता. वर जावं तशी हवा हलकी होते, याची साक्ष माणसाला पाऱ्याने दिली. आमची परभणी समुद्रसपाटीपासून साधारण ४०० मीटरवर, इथे ती नळी ७२ च्या जवळपास दाखवील. तुझ्या केदारनाथाला, ३,५८३ मीटरवर, ती ५० च्याही आत येईल. तिथल्या हवेतही प्राणवायूचा वाटा शंभरात २१ च असतो, पण हवाच विरळ, म्हणून एका श्वासात छातीत येतो तो समुद्रकाठच्या दोन तृतीयांश.

त्या न मिळणाऱ्या एक तृतीयांशाची मला भीती वाटते, देवा. माझ्यासाठी नाही, यांच्यासाठी.

यांच्या दुखण्याला डॉक्टर क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. तू सगळं बघतोस, तरी सांगते. सांगितल्याने मला धीर येतो. वर्षातले काही आठवडे ते येतं आणि मग महिनोन्‌महिने फिरकत नाही. आलं की एकाच बाजूला, डोळ्याच्या मागे. डोळा लाल होतो, पाण्याने भरतो, पापणी खाली येते, त्याच बाजूची नाकपुडी बंद होते. कधी पाव तासात सुटका होते, कधी तीन तास जातात. अर्धशिशीचं माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतं. यांना पडवत नाही, बसवत नाही. अंगणात येरझाऱ्या घालतात, भिंतीवर कपाळ आपटतात, मध्येच वाकून कणगीला डोकं टेकतात. शेजारच्या म्हातारीला वाटलं अंगात आलं. तिने अंगारा लावला, तो यांनी लावून घेतला, आणि दुखणं आपल्या वेळेलाच गेलं.

वेळेचं तर असं की घड्याळ बघायला नको. रात्री झोप लागून तास-दीड तास झाला की उठवणार. १७४५ साली व्हिएन्नाच्या व्हॅन स्वीटन या वैद्याने एका धडधाकट माणसाची हकिगत लिहून ठेवली आहे: रोज ठरल्या वेळी डोळ्याच्या वर कळ, आणि डोळा खोबणीतून बाहेर ढकलला जातोय असं वाटणं. ती मला कळली तेव्हा या माणसाला यांचं कुणी सांगितलं, असंच मनात आलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटा भाग आहे, झोपेचं आणि ऋतूंचं वेळापत्रक तो सांभाळतो. १९९८ साली लंडनच्या डॉक्टरांनी दुखत असतानाच्या मेंदूची चित्रं घेतली, तेव्हा तिथेच जाग दिसली. तुझ्या निर्मितीतला इतका लहान भाग, महादेवा, आणि त्याच्या एका चुकीने एवढा मोठा माणूस अंगणात लोळतो.

आता माझ्या भीतीचं. डोंगरावर गेल्यावर किंवा विमानात बसल्यावर हे दुखणं उठलं, असं काही रुग्ण सांगतात. विमानाच्या आतली हवा जमिनीवरची नसते. ती साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावी तेवढी विरळ ठेवलेली असते. डॉक्टरांचा एक तर्क असा की रक्तातला प्राणवायू उतरला की मानेतल्या धमनीजवळच्या बारीकशा गाठी मेंदूला कळवतात, रक्तवाहिन्या सैलावतात, आणि दुखण्याला तेवढं निमित्त पुरतं. पण हा तर्कच आहे. दारू हे निमित्त म्हणून पक्कं ठरलेलं आहे, उंचीचं अजून तसं ठरलेलं नाही. शिवाय उंचीची डोकेदुखी म्हणून एक वेगळीच गोष्ट असते, २,५०० मीटरच्या वर कुणालाही होते, बहुतेक दोन्ही बाजूंनी, आणि खाली उतरलं की दिवसभरात जाते. विमान उतरताना काहींच्या कपाळात थोडा वेळ कळ येते, तीही निराळी. ही सगळी एकाच नावाखाली ढकलू नयेत, एवढं मी आता शिकले आहे.

आम्ही मुंबईला रात्रीच्या गाडीने जायचो. इगतपुरी सोडून गाडी कसारा घाट उतरायला लागली की यांचा डोळा भरून यायचा. घाट काय, अवघा तीनशे मीटरांचा उतार! पण त्याच दिवसांत घरी असतानाही त्याच सुमाराला डोळा भरायचा. मग उंची दोषी, की झोप, की रात्रीची ती वेळ? गंजीतला कडबा ओला असताना ठिणगी पडली तर विझून जाते, वाळल्यावर पडली तर गंजी राहत नाही. निमित्तांचं तसंच आहे. दुखण्याचा हंगाम नसताना हे घाट चढले, उतरले, काही झालं नाही. हंगामात एक घोट दारू किंवा दुपारची डुलकीही पुरते. म्हणून देवा, दोष नेमका कुणाचा हे मला सांग, असं मी मागत नाही. ते शोधणारी माणसं आहेत, त्यांना तू उजेड दे, वेळ दे, पैसा दे. मला दुसरंच मागायचं आहे.

सासूबाईंनी तुला नवस बोलला आहे. लेकाचं डोकं दुखायचं थांबू दे, त्याला घेऊन केदारनाथाला येईन. म्हाताऱ्या आईने रडत बोललेला नवस तो, त्यावेळी तिला उंची काय ठाऊक! आता ती दर उन्हाळ्याला विचारते, कधी निघायचं. गौरीकुंड साधारण २,००० मीटरवर, तिथून १६ किलोमीटरची चढण. हेलिकॉप्टरने गेलं तर काही मिनिटांत माणूस वर, अंगाला सवय व्हायला सवडच नाही. डॉक्टर जाऊच नका म्हणत नाहीत. हंगाम नसताना जा, सावकाश चढा, सोबत औषध ठेवा म्हणतात. पण ती कळ वरच्या हवेत, थंडीत, दवाखाना दूर असताना उठली तर यांना मी कुठे घेऊन जाऊ?

तू वरच असतोस असं तर नाही ना, महादेवा? मुदगलला तू गोदावरीच्या पात्रात उभा आहेस. पूर आला की पाणी तुझ्या अंगावरून जातं आणि ओसरलं की आम्ही गाळातून वाट काढत तुझ्याकडे येतो. औंढ्याला तू नागनाथ आहेस, १ मे १९९९ ला हिंगोली वेगळी होईपर्यंत तू आमच्याच जिल्ह्यात होतास. परळीला वैजनाथ आहेस. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईकडे देव जात्यावर दळायला बसला, तिला कुठे वर चढावं लागलं नाही. तेव्हा सासूबाईंचा नवस तू औंढ्याला फेडून घे. तिच्या मनाला तसं पटू दे, आणि नवस मोडला म्हणून ती रात्री जागी राहू नये एवढं कर. हे मी तिला सांगितलं तर सून अडवते असं होईल. तू सांगितलंस तर ती ऐकेल.

आणि जे वर जातात, ज्यांना जावंच लागतं, त्यांना सांभाळ. आमच्या गावांतली पोरं फौजेत आहेत, लेहला ३,५०० मीटरवर, त्याच्याही वर बर्फात. त्यांच्यातल्या एखाद्याला हे दुखणं असेल आणि तो ते लपवत असेल, कारण सांगितलं तर नोकरी जाईल अशी त्याला भीती आहे. त्याला एक असा डॉक्टर भेटव ज्याला तो लाजेशिवाय सांगू शकेल.

देवा, या दुखण्यावरचा उताराही तू प्राणवायूतच ठेवलास, याचं मला फार नवल वाटतं. २००९ साली लंडनच्या डॉक्टरांचा प्रयोग छापून आला. मास्कने मिनिटाला १२ लिटर शुद्ध प्राणवायू १५ मिनिटं दिला, तर शंभरातल्या ७८ कळा थांबल्या किंवा पुरेशा उतरल्या. साधी हवा दिली तेव्हा २०. ज्याच्या रक्तात प्राणवायू भरपूर आहे त्यालाही तो लागू पडतो, म्हणजे नुसती उणीव भरून निघते असं नाही, आत आणखी काहीतरी घडतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. मास्क लावून हे पुढे वाकून बसतात, मी सिलिंडरचा काटा बघत बसते, आणि थोड्या वेळाने यांची मूठ सैल पडते. त्या वेळी मी तुझं नाव घेत असते, हे यांना ठाऊक नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, तो सिलिंडरही मागायला जीव धजला नाही. माणसं खाटेवर प्राणवायूविना तडफडत होती. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून तो गळून गेला आणि वीसहून जास्त माणसं काही वेळात गेली. त्यांना तुझ्यापाशी मोकळा श्वास मिळाला असू दे.

दुखण्याचं नाव कळायला लोकांची वर्षं जातात. यांची एक चांगली दाढ काढली गेली, सायनसची औषधं झाली, चष्मा बदलला. कुणी वाईट हेतूने केलं नाही. दात काढणाऱ्यालाही, दाढ काढून घेणाऱ्यालाही तू सांभाळ. हजारात साधारण एकाला हे दुखणं होतं म्हणतात. तो हिशेब आमच्या जिल्ह्याला लावला, तर २०११ च्या जनगणनेतल्या १८ लाख ३६ हजारांत अठराशेच्या आसपास माणसं झाली. पाथरीत, सेलूत, मानवतला, पूर्णेच्या रेल्वे वसाहतीत, जिंतूरच्या एखाद्या तांड्यावर ती रात्री एकेकटी येरझाऱ्या घालत असतील. आपल्याला वेड लागतंय असं त्यातल्या कुणाला वाटत असेल. त्याची बायको जागी कर, आई जागी कर, कुणीतरी सोबत येऊ दे. डॉक्टर याला आत्महत्येची डोकेदुखी म्हणतात, ते उगाच नाही. रात्री विहिरीकडे वळलेलं पाऊल थांबव, महादेवा. ही कळ जास्तीत जास्त तीन तासांची आहे आणि तिला औषध आहे, हे त्याला त्याच वेळी कुणाच्या तरी तोंडून ऐकू येऊ दे. वेरापामिलसारखी गोळी हंगामभर घेता येते, मधूनमधून ईसीजी काढायचा. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन कळ उठल्याबरोबर घेता येतं. ही नावं तालुक्याच्या गावापर्यंत पोचव. विडी-सिगारेट आणि दारू सोडायला बळ दे, यांना दिलंस तसं.

आणि रात्री दोन वाजता एखादा माणूस डोळा धरून, ओरडत कुठल्याही दवाखान्याच्या दारात आला, तर दारू प्यायलाय का असं त्याला कुणी विचारू नये. तो बसू शकत नाही म्हणून कुणी त्याच्यावर डाफरू नये. तिथल्या सिस्टरला, वॉर्डबॉयला, झोपेतून उठलेल्या शिकाऊ डॉक्टरला तू एवढी बुद्धी दे की आधी मास्क लावतील, सिलिंडरचा काटा १२ वर नेतील, आणि केसपेपर त्यानंतर काढतील.