पट्ट्याचं दुसरं टोक

बसा. जमीन हाताला लागेल इतकं खाली बसलात तर उत्तम. कुत्रा जवळपास असेल तर त्याला बोलावू नका. यायचं तेव्हा येईल. घरात कुत्रा नसेल, तर कधीकाळी ओळखीचा झालेला एखादा आठवा. आज तोच बरोबर येईल.

श्वास आत घ्या. सोडा.

आपण बडोद्याहून निघालो आहोत. दूर नाही, नंदेसरीला. नाव ऐकून कुणी हसेल. बडोदेकराला नंदेसरी म्हटलं की जीआयडीसी आठवते: रसायनांचे कारखाने, धुरांडी, टँकरच्या रांगा. पण त्यांच्यापलीकडे मही वाहते. तिची कोतरं, म्हणजे घळी आहेत, शेतं आहेत, आणि तिथल्या एका शेतघराची किल्ली दोन दिवसांपुरती आपल्या खिशात आहे. स्वयंपाक आपला आपण करायचा. मार्गशीर्षातली थंडी आहे.

गाडीची काच चार बोटं खाली करा. तो नाक बाहेर काढेल. त्याच्या नाकाकडे बघा.

आपल्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख. त्याच्या नाकात २० ते ३० कोटी असाव्यात, असा अंदाज सांगतात. सोडलेला श्वास तो नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांतून बाहेर टाकतो, त्यामुळे समोरून येणारा वास ढकलला जात नाही. कारखान्यांची भिंत लागते तेव्हा आपण चटकन काच वर करतो, नाक दाबतो. त्याला नाक दाबता येत नाही. तो सगळं आत घेतो.

इथे थोडं थांबा. या औद्योगिक पट्ट्याचं सांडपाणी १९८३पासून एका लांबलचक कालव्याने खंभातच्या आखाताकडे नेलं जातं. आपल्या कपड्यांचा रंग, आपली औषधं असल्याच कारखान्यांतून येतात. ज्याच्यापासून दोन दिवस सुटका हवी म्हणून निघालो, ते आपल्याच घरासाठी चाललं आहे. हा विचार मनात आला तर येऊ द्या. त्याचा निकाल आज लावायचा नाही.

श्वास घ्या. सोडा.

शेतघर आलं. सामान लगेच उतरवू नका. कुलूप काढा आणि उंबऱ्याशी उभे राहा. तो आत जाईल. कोपरा, खाटेचा पाय, चुलीची राख, दाराची फट, सगळं वाचून काढेल. इथे आधी कोण राहून गेलं, काय शिजलं, कुठलं मांजर रोज येतं, हे तुमच्याआधी त्याला कळेल. तुम्ही मात्र अजून अर्धे रस्त्यातच आहात. गॅस बंद केला ना, फोनला रेंज आहे ना. त्याचं पोचणं बघता बघता आपणही पोचतो का, ते पाहा.

राखणदार बांधावरून विचारतो, "करडे छे?" चावतो का? तुम्ही म्हणता, "ना, ना." किती खात्रीने म्हणालात! कुंपणापाशी गावातली तीन कुत्री येऊन उभी आहेत. गाव त्यांचं आहे, पाहुणा आपला आहे. पट्टा आखडू नका. आखडलेल्या पट्ट्यातून हातातली भीती सरळ त्याच्या मानेत उतरते. हात सैल. खांदे सैल. थोडं लांबून जाऊ द्या, एकमेकांचा वास घेऊ द्या.

आता चूल. बाजरीचा रोटला थापा. कांदा त्याच्यापासून लांब ठेवा. आपली चव ती त्याचं विष. त्याच्यासाठी चमचाभर शिरा करायचा असेल तर बेदाणे घालू नका, तेही त्याला बाधतात. गुजरातच्या गावांत कुत्री व्याली की आळीतले लोक मिळून तिच्यासाठी शिरा करतात. आपल्याकडे श्राद्धाच्या पानाआधी गाय आणि कावळा यांच्याबरोबर कुत्र्याचाही वाटा काढतात. पहिला रोटला तव्यावरून उतरला आहे. तो निवेपर्यंत थांबा. तोही थांबला आहे, तुमच्याइतकाच.

वाटीत पाणी ओता. पाणी घरून आणलं आहे, नव्या पाण्याने त्याचं पोट बिघडू नये म्हणून. पण बडोद्याच्या कितीतरी नळांना येणारं पाणी फाजलपूरच्या बाजूला महीच्याच पात्रातल्या विहिरींतून उपसलेलं असतं. म्हणजे कदाचित ही नदी तो पिल्लू असल्यापासून पीत आला आहे. आज फक्त तिला भेटायला निघाला आहे.

उन्हं कलली की काठाकडे चला. विश्वामित्रीच्या मगरी पाहिलेल्याला सांगायला नको: पाण्याजवळ पट्टा सोडायचा नाही. वरूनच पाहा. मही मध्य प्रदेशात उगम पावते, उत्तरेला राजस्थानात शिरते, मग वळून खाली गुजरातेत येते. या वळणात ती कर्कवृत्त दोनदा ओलांडते. पुढे जायचं आणि वळून परत यायचं, हे तो सकाळपासून तुमच्याभोवती करतो आहे.

अंधारू लागतं. तुमच्या तोंडून सहज निघतं, "चल, घरी."

तो वळतो. शेतघराच्या दिशेने.

हा क्षण मनात पुन्हा पाहा. कुठलं घर म्हणालात तुम्ही? चार तासांपूर्वी कुलूप काढलेलं, परवा किल्ली परत करायची ते. तुम्ही न ठरवता म्हणालात, त्याने न विचारता ऐकलं.

दत्ताचं चित्र आठवा. मागे गाय, पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं सांगतात. त्याच दत्ताचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, असंही सांगतात. त्याचं घर कुठे, हे कुणी सांगत नाही. कुत्री विचारत नसावीत. तो उठला की ती उठतात.

रात्र झाली. पट्टा खुंटीला अडकवलेला आहे. तो एकदा, दोनदा, तीनदा जागेवर गोल फिरतो आणि तुमच्या पायांना पाठ लावून पडतो. त्याच्या फासळ्यांवर हात ठेवा. हात वर जातो, खाली येतो. वारा फिरला तर कारखान्यांचा वास येईल, नाहीतर ओल्या मातीचा. त्याचं नाक झोपेतही किंचित हलतं आहे.

वर. खाली.

आणखी थोडा वेळ हात तिथेच राहू द्या.