ओढवून घेतलेले दुखणे

मनुष्याच्या दुःखाकडे पाहण्याच्या आपल्या दोन रीती आहेत. जे दुःख दैवाने किंवा दुसऱ्याच्या अपराधाने आले, त्याला आपण आपली करुणा मोकळ्या हाताने देतो. आणि जे दुःख मनुष्याने समजून उमजून आपल्या अंगावर घेतले, त्याच्यापुढे तोच हात आखडता घेतो. "कुणी सांगितले होते?" एवढा एकच प्रश्न अशा वेळी आपणांस पुरेसा होतो. हा भेद इतका स्वाभाविक वाटतो की, त्याचे समर्थन मागावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रस्तुत लेखात ते समर्थन मागावयाचे आहे. त्यासाठी जे उदाहरण घेतले आहे, ते काही वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे; परंतु या भेदाची कसोटी पाहण्यास त्याहून सोयीचे उदाहरण मिळणे कठीण. अंगाचा घाट सुधारावा म्हणून बारीक नळीने चरबी काढवून घेतलेली व्यक्ती घरी येऊन अंथरुणावर पडली असता, तिच्याविषयी घरच्यांनी कोणता भाव बाळगावा आणि तिने स्वतः कसे वागावे, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न आम्ही महाडची औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे ठेवून विचारीत आहो, यास कारण आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील या प्रदेशास न मागता आलेल्या दुःखाचा पुरता परिचय आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल पुरात वाहून गेला व त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या उतारूंसह गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरात राहती इमारत कोसळली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड येऊन ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली, आणि त्याच पावसात महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये वसाहतीतील एका औषधाच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार प्राणास मुकले. जेथे एवढे सोसावे लागले, तेथे 'दुखणे' या शब्दास एक प्रकारचे गांभीर्य येते. रासायनिक कारखान्यातून पाळी संपवून मनुष्य हात भाजून घरी आला, तर त्याला पाहावयास आळीतील माणसे जातात आणि कोणी त्याच्यापाशी कारण मागत नाही. त्याच आळीतील एखादी स्त्री, किंवा अलीकडे एखादा तरुणही, मुंबईस अथवा पुण्यास जाऊन चरबी काढवून परत येतो, तेव्हा मात्र "हर्नियाचे ऑपरेशन झाले" असे शेजारी सांगितले जाते आणि दार लोटून घेतले जाते. भाजलेला मनुष्य आपले दुखणे सांगू शकतो. याला ते लपवावे लागते. दुखते मात्र दोघांनाही.

ते किती व कसे दुखते, हे थोडे पाहिले पाहिजे; कारण या क्रियेविषयी दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. चरबी शोषून घेण्याची आजची रीत १९७० नंतरच्या दशकात इटली व फ्रान्स येथे उदयास आली. पुढे कॅलिफोर्नियातील त्वचावैद्य जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यामुळे हे काम पुष्कळच सौम्य झाले. मिठाच्या पाण्यात बधिर करणारे औषध आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अॅड्रेनलिन मिसळून ते मिश्रण कातडीखाली भरावयाचे व मग काही लहान छिद्रांतून नळी घालून चरबी ओढून घ्यावयाची, अशी ती पद्धत. रक्तस्राव थोडा होतो आणि चरबी फार काढली नसेल तर पुष्कळदा रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. यावरून काही लोक हे काम केस कापण्याइतके सोपे समजतात. ते बरोबर नाही. पहिले एकदोन दिवस छिद्रांतून तांबूस पाणी पाझरत राहते, म्हणून अंथरुणावर जुनी चादर घालावी लागते. कातडी काळीनिळी होते. तो रंग उतरावयास दोन आठवडे किंवा अधिक दिवस लागतात. दवाखान्यात ज्याला 'गारमेंट' म्हणतात, तो अंगास आवळून बसणारा पोशाख चारसहा आठवडे घालून राहावे लागते. महाडच्या दमट उन्हाळ्यात ही काही लहान शिक्षा नव्हे. पडून राहणेही हिताचे नसते. पायांतील रक्त गोठू नये म्हणून पहिल्या दिवसापासूनच कोणाचा तरी हात धरून घरातल्या घरात चालावे लागते. घाट उतरून लांबच्या मोटारप्रवासाने घरी येणाऱ्याने तर वाटेत थांबून चार पावले टाकणे अवश्य असते. आणि ज्यासाठी हे सर्व केले, तो घाट लगेच दिसतही नाही. सूज आल्यामुळे पहिल्या आठवड्यांत कंबर पूर्वीपेक्षा जाडच वाटते. खरे रूप तीन ते सहा महिन्यांनी स्थिरावते.

आता पहिला आक्षेप असा येईल की, रोगाची शस्त्रक्रिया वेगळी आणि रूपाची वेगळी. पहिलीस शुश्रूषा योग्य, दुसरीस नाही. हा आक्षेप आमच्याच प्रांतातील एका प्रसिद्ध घटनेवर घासून पाहू. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकणारा कावसजी नावाचा मनुष्य टिपू सुलतानाच्या हाती सापडला; त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्यात कुंभार जातीच्या एका कसबी माणसाने त्याच्या कपाळाची कातडी उतरवून तिचे नाक बनविले. ही क्रिया इंग्रज वैद्यांनी पाहिली. १७९४ साली तिचा वृत्तान्त लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये आला. आणि १८१४ साली जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये तीच रीत अवलंबिली. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याच्या या नाकास मानाचे स्थान आहे. पण विचार करा. नाक गेले तरी कावसजीचा श्वास चालूच होता. त्याचा जीव धोक्यात नव्हता आणि रोगही त्याला नव्हता. त्याला जे परत मिळाले, ते चारचौघांत तोंड वर करून जाण्याचे सामर्थ्य. म्हणजे केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेस आपण आदर देतो, आणि तो योग्यच देतो. कोणी म्हणेल, कावसजीवर अन्याय झाला होता. मान्य. परंतु मग भेद रोग आणि रूप यांचा उरला नाही. तो लज्जा कोणी लादली याचा झाला.

आणि हा मुद्दा महाडलाच ज्या रीतीने प्रकट झाला, तसा अन्यत्र क्वचितच झाला असेल. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाडास पुन्हा परिषद भरली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले, याची आठवण मात्र थोड्यांनाच असते. त्या भाषणात त्यांनी लुगडे नेसण्याच्या रीतीविषयी आणि अंगावरील दागिन्यांच्या ओझ्याविषयी सांगितले. गुडघ्याशी खोचलेले लुगडे आणि गळाभर घातलेले हलक्या धातूचे दागिने या अस्पृश्यतेच्या खुणा होत. त्या टाकाव्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. आणि तेथल्या स्त्रियांनी तो लागलीच आचरणात आणला. बाह्य रूपाची चिंता करणे हे उथळपणाचे लक्षण, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात घ्यावा. ज्यांना रूपावरून कोणी हिणविले नाही, त्यांनाच रूप क्षुल्लक वाटणे परवडते.

तथापि या उदाहरणावरून घाईने भलताच निष्कर्ष काढता कामा नये. महाडच्या त्या स्त्रियांनी दुसऱ्यांनी लादलेली खूण उतरवून टाकली. आजची स्त्री कंबरेची चरबी काढविते, तेव्हा ती लादलेली खूण उतरविते, की दुसऱ्यांनी ठरविलेली नवी खूण आपल्या अंगावर चढविते? लग्नकार्यात ऐकलेले टोमणे, प्रसूतीनंतर बदललेल्या देहाविषयी घरातूनच झालेला उल्लेख, हातातल्या फोनवर अहोरात्र दिसणाऱ्या सडपातळ आकृती, यांच्या दडपणाखाली घेतलेला निर्णय कितपत स्वतःचा, हे तिचे तिलाही सांगता येणार नाही. आम्हांस तर बिलकुल सांगता येणार नाही. परंतु येथेच मूळ भेदाचा पाया डळमळतो. तिचे दुखणे स्वेच्छेचे म्हणून तुम्ही करुणा आवरता. आणि ती स्वेच्छाच अर्धीमुर्धी आहे.

याच्या उलट बाजूनेही पाहावे. भाजलेल्या कामगाराचे दुःख आपण अनिच्छेचे समजतो. पण वाफांच्या व आम्लांच्या सान्निध्यात काम करावे लागेल हे ठाऊक असूनच त्याने ती नोकरी पत्करलेली असते; मुलीच्या लग्नासाठी जादा पाळीही त्यानेच मागून घेतलेली असते. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीतून तो वसाहतीत येतो, तो धोका पत्करूनच येतो. "कुणी सांगितले होते?" हा प्रश्न त्यालाही लावता येईल, आणि लावला तर तो किती निर्दय आहे हे तत्काळ दिसेल. खरे पाहता निखळ स्वेच्छेचे आणि निखळ अनिच्छेचे असे दुःख जगात फार थोडे. बहुतेक दुःखांत दोन्हींचे मिश्रण असते, आणि त्याचे प्रमाण काढून त्या मापाने करुणा वाटणारा मनुष्य शुश्रूषक राहत नाही, न्यायाधीश होतो. घरातल्या न्यायाधीशाच्या हातचे पाणी रुग्णास गोड लागत नाही.

मग स्वेच्छेने काहीच फरक पडत नाही काय? पडतो, आणि तो मोठा आहे. परंतु तो शुश्रूषकाच्या बाजूस पडत नसून रुग्णाच्या बाजूस पडतो. ज्याने दुखणे स्वतः निवडले, त्याच्यावर काही ऋणे अधिक चढतात.

पहिले ऋण सत्याचे. जी सासू, बहीण किंवा नवरा रात्री उठून पाझरलेली चादर बदलतो, त्याला काय केले आहे हे नीट ठाऊक असले पाहिजे. एका पोटरीस सूज येऊन ती दुखू लागली, धाप लागली, ताप चढला किंवा कातडी लाल होऊन वेदना वाढत चालली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावयाचे असते. शुश्रूषकास खोटे सांगितले असेल, तर तो ही लक्षणे ओळखणार कशी, आणि डॉक्टरास सांगणार काय? जेथून मोठे इस्पितळ हाकेच्या अंतरावर नाही, अशा ठिकाणी या लपवालपवीने जीवही जाऊ शकतो. शेजाऱ्यांस सर्व काही सांगण्याचे बंधन कोणावर नाही; पण ज्याच्या हाती आपला देह सोपविला, त्याच्यापासून तो देह लपविण्याचा अधिकार राहत नाही.

दुसरे ऋण श्रमाचे. शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णाने मोजलेला असतो; घरात होणाऱ्या शुश्रूषेचा खर्च कोणी मोजीत नाही, कारण तो बहुधा एखाद्या स्त्रीच्या अंगावर पडतो. ती आधीच पाणी, स्वयंपाक, मुले आणि कित्येकदा स्वतःची पाळी सांभाळीत असते. तिला आगाऊ विचारणे, तिच्या सोयीचे दिवस पाहणे आणि पुढे तिच्या दुखण्यात तेवढेच उभे राहणे, ही या ऋणाची फेड होय.

तिसरे ऋण सूक्ष्म आहे. सहा महिन्यांनी घाट सुधारल्यावर "सकाळी चालावयास जाते, भात सोडला" असे मैत्रिणीस सांगणे, हे निरुपद्रवी असत्य नव्हे. ती मैत्रीण भात सोडते, चालते आणि कंबर तशीच राहिली म्हणून स्वतःस दोष देते. असत्य सांगण्यापेक्षा मौन बरे. तसेच आरोग्यासाठी हे केले, अशी स्वतःचीही फसवणूक करू नये. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंधरा स्थूल स्त्रियांची सुमारे दहा किलो चरबी काढूनही त्यांचा रक्तदाब किंवा इन्सुलिनविषयक दोष सुधारलेला आढळला नाही. जी चरबी निघाली ती कातडीखालची. आणि आहारविहार पूर्ववत राहिला तर उरलेल्या पेशी फुगावयास मोकळ्या असतातच. रूपासाठी केले असेल तर रूपासाठी केले, असे म्हणावे. कावसजीने याहून निराळे काही केले नव्हते.

या आठवड्यांत रुग्णास एक गोष्ट कळण्याजोगी असते. आरशापुढे उभे असता देह ही आकार देण्याची वस्तू वाटतो. अंथरुणावर पडले असता तो वस्तू राहत नाही. कातडी बधिर होते, मग खाजते, मग हळूहळू तेथे पुन्हा आपला स्पर्श आपल्याला कळू लागतो. यातील एकही पायरी पैशाने लवकर आणता येत नाही. आणि ज्या देहावर आपण रुष्ट होतो, त्याच देहास आधार देऊन कोणी चालवीत नेते, पाठीमागचे बंद सैल करते आणि कंबर किती कमी झाली हे विचारीतही नाही. त्या माणसाला जुना देहही चालला असता. ही जाणीव शस्त्रक्रियेपूर्वी झाली असती, तर काही जणांनी ती केलीच नसती; काहींनी तरीही केली असती, आणि त्यांना तसा अधिकार आहे.

एतावता आमचे म्हणणे इतकेच. दुखणे निवडलेले असले म्हणजे निवडणाऱ्याचे ऋण वाढते. पाहणाऱ्याचे कर्तव्य त्यामुळे रतिभरही कमी होत नाही. आपल्या घरांतून बहुधा याच्या उलट चालते: निवडणारा आपले ऋण लपवितो आणि पाहणारा आपले कर्तव्य टाळतो. दोघांपैकी एकाने जरी आपला वाटा आधी उचलला, तर दुसऱ्यास आपला उचलणे सोपे जाईल. आणि आधी कोणी उचलावा, असा प्रश्न असेल, तर जो त्या दिवशी आपल्या पायांवर उभा आहे, त्याने उचलावा.