‘सध्या काय करतेस?’

साताऱ्यात किंवा सांगलीत पंचविशीतल्या कुणालाही लग्नाच्या पंगतीत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘सध्या काय करतोस?’ हाच प्रश्न सरकारही विचारतं. पाहुण्यांना दिलेलं उत्तर हात धुवेपर्यंत विसरलं जातं. सरकारला दिलेल्या उत्तराचा मात्र आकडा होतो.

एप्रिल २०१७ पासून देशात ‘पीएलएफएस’ हे श्रमशक्तीचं सर्वेक्षण चालू आहे. त्यात तरुण म्हणजे १५ ते २९ वयाचे. जे काम करतात आणि जे काम शोधतात किंवा करायला तयार असतात, ते मिळून श्रमशक्ती. बाकी सगळे तिच्या बाहेर. हिशेब दोन तऱ्हांनी होतो: मागच्या वर्षभराचा आणि मागच्या सात दिवसांचा. सात दिवसांच्या हिशेबात एखाद्या दिवशी तासभर काम केलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो.

आता अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणारा मुलगा घ्या. पदवी झालेली, कुठल्याही कॉलेजात नाव नाही. ‘काम मिळालं तर करीन’ म्हणाला, तर तो बेरोजगार. ‘परीक्षा होईपर्यंत नको’ म्हणाला, तर श्रमशक्तीबाहेर. आणि गेल्या आठवड्यात तासभर शिकवणी घेतली असेल, तर रोजगारात. मुलगा तोच, खुर्चीही तीच.

याचा परिणाम बातमीवर होतो. बेरोजगारीचा दर काढताना भागायचं असतं ते श्रमशक्तीने, सगळ्या तरुणांच्या संख्येने नाही. समजा, एका गावात १०० तरुण आहेत. ४० काम करतात, १० शोधतात. दर झाला २० टक्के. शोधणाऱ्यांपैकी पाच जणांनी कंटाळून नाद सोडला, की श्रमशक्ती उरते ४५ आणि दर येतो ११ टक्क्यांवर. एकालाही नोकरी लागलेली नाही, तरी बेरोजगारी जवळजवळ निम्मी.

मग सहभाग जितका जास्त तितकं चांगलं, असं म्हणावं का? तेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली. ‘कमवा आणि शिका’ ही तिची ओळख. असा विद्यार्थी आजच्या वर्षभराच्या हिशेबात मुख्यतः विद्यार्थी ठरेल, आणि ३० दिवस किंवा जास्त काम केलं असेल, तर दुय्यम नोंदीत कामकरीही. दोन्ही नोंदी खऱ्या. पण शिकता यावं म्हणून राबणं आणि शाळा सुटली म्हणून राबणं, यांतला फरक सहभागाच्या आकड्यात उतरत नाही. तो आपल्यालाच विचारावा लागतो.

सर्वात अवघड गोष्ट घरातल्या मुलीची. खटाव किंवा तासगावच्या एखाद्या वस्तीवर ती पहाटे शेण काढते, धारा काढते, दुपारी भांगलणीला जाते. दूध डेअरीला जातं, बिल वडिलांच्या नावावर येतं. नियम सांगतो, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारीही कामकरीच; तिचा कोड २१. पण सगळ्यांची माहिती घरातला एखादाच जाणता माणूस देऊ शकतो. तो सहज म्हणतो, ‘ती काय, घरीच असते.’ कोड पडतो ९२, म्हणजे फक्त घरकाम. ती श्रमशक्तीबाहेर.

प्रोग्रामिंगमध्ये ‘शून्य’ आणि ‘नल’ वेगळे असतात. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे माहितीच आली नाही. या मुलीच्या श्रमाची माहिती आलेलीच नसते, आणि आपण ती शून्य म्हणून वाचतो. इथे दोष एकट्या सर्वेक्षणाचा नाही. फॉर्मात तिच्यासाठी रकाना आहे. घरच्यांच्या बोलण्यात नाही. जमिनीत, पैशात, निर्णयात तिने वाटा मागितला, तर ‘तू काय करतेस?’ असं विचारणारी माणसंही हीच असतात. म्हणून मोजलं जाणं हा नुसता आकड्यांचा नाही, न्यायाचा प्रश्न आहे.

जानेवारी २०२५ पासून या सर्वेक्षणाचा नमुना निवडताना जिल्हा हा मूळ एकक धरला जातो. त्यामुळे आपल्या जिल्ह्याचं चित्र पुढे जास्त नेमकं दिसू शकतं. पण ते नेमकं येईल की नाही, हे दारात उत्तर कोण देतं यावरही ठरणार. प्रगणक आपल्या घरी आला, तर बहिणीला बाहेर बोलवा. काय करते, ते तिलाच सांगू द्या.