गीता १८.१४ : पाच कारणं आणि न आलेला मेल

आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला चौदावा. कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत इथे सांगतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव.

दैव म्हटलं की आपण लगेच नशिबावर येतो. शंकराचार्यांच्या भाष्यात मात्र इथे दैव म्हणजे डोळे वगैरे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या सूर्यादी देवता. डोळा चांगला आहे, बघणारा जागा आहे, पण उजेडच नसेल तर दिसणार काय?

हे वाचताना मला सध्या माझा मावसभाऊ आठवतो. एका कंपनीत त्याचे चार राउंड झाले, शेवटचा मॅनेजरबरोबर, छान झाला. त्याला आता सात आठवडे होतील. एचआरचं उत्तर एकच, फीडबॅक चांगला आहे, अप्रूव्हल पेंडिंग आहे. रात्री दोनला उठून मेल बघतो. मावशीने "काय झालं रे?" विचारलं की चिडतो. परवा मला म्हणाला, "दादा, त्या डिझाइनच्या प्रश्नातच माझं काहीतरी चुकलं असणार."

मी स्वतः इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतो, म्हणून सांगतो. आमचा होकार सिस्टिममध्ये गेला की खरा प्रवास सुरू होतो. त्या जागेला पुन्हा मंजुरी, पगार बँडमध्ये बसतो का ते बघणं, मग फायनान्स. मार्चअखेर जवळ असली तर नव्या वर्षाचं बजेट येईपर्यंत थांबा. क्लायंटने प्रोजेक्ट पुढे ढकललं तर जागाच होल्डवर. कधी पहिल्या पसंतीचा उमेदवार नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड भरत असतो, आणि तो नक्की येतोय हे कळेपर्यंत दुसऱ्याला 'नाही' सांगत नाहीत. (हे मला अजिबात पटत नाही, पण चालतं.) यात त्या डिझाइनच्या प्रश्नाचा संबंध कितीसा?

पुढे सोळाव्या श्लोकात भगवंत म्हणतात, पाच कारणं असताना जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला नीट दिसत नाही. हे आपण यशाच्या वेळी आठवतो, अहंकार नको म्हणून. पण "माझ्यामुळेच अडलं" हाही अहंकारच, फक्त रडवेला.

मग गप्प बसायचं का? दुसऱ्या अध्यायातल्या सत्तेचाळिसाव्या श्लोकाचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो, फळाची अपेक्षा नको हे सांगायला नातेवाईक तर तयारच असतात. चौथा भाग राहून जातो. कर्म न करण्याचीही ओढ नको, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. वाट बघणं हळूच अकर्म होऊन बसतं. 'इथलं जवळजवळ झालंच आहे' म्हणून भावाने सात आठवड्यांत दुसरीकडे एकही अर्ज केला नव्हता.

त्याने मला विचारलं, "पण सारखं विचारणं म्हणजे आसक्तीच ना?" सारखं, हो. पण एकदा नीट मेल लिहून विचारणं, की निर्णय साधारण कधीपर्यंत होईल, मी दुसरीकडेही बोलतोय, हे मला सरळ कर्म वाटतं. उत्तर येईल किंवा येणार नाही. दर दहा मिनिटांनी इनबॉक्स उघडणं ही आसक्ती, कारण त्यातून काहीच घडत नाही, फक्त आपण झिजतो.

आणि आपल्यातले जे पलीकडच्या खुर्चीत बसतात त्यांनाही हा श्लोक लागू आहे. अप्रूव्हल आपल्या हातात नाही, खरंय. पण "अजून ठरलेलं नाही, पुढच्या शुक्रवारी कळवतो" एवढी ओळ लिहायला कुणाची मंजुरी लागते? समोरच्याचं होम लोन असतं, दुसऱ्या ऑफरची मुदत संपत असते. त्याला साधा नकार मिळाला तरी तो मोकळा होतो.

भावाने काल दोन ठिकाणी अर्ज केलेत. त्या मेलला अजून उत्तर नाही.

उद्या श्लोक पंधरावा.

राम कृष्ण हरी.