जुना कर्नल असू दे

चि. ओंकार,


ग्रबच्या मेन्यूत सहा ओळी दिसतात, जुन्या सगळ्या उडवू का, असं विचारलंयस. आधी त्या ओळी नीट वाच. प्रत्येक कर्नलखाली त्याच्याच रिकव्हरी मोडची ओळ असते. म्हणजे तुझ्याकडे कर्नल तीनच आहेत. एक काढ. चालू असलेला आणि त्याच्या आधीचा, असे दोन राहू देत.

मागे एकदा सकाळच्या घाईत मी लॅपटॉप अपडेट केला आणि रीस्टार्टनंतर वाय-फायचं चिन्हच गायब. त्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा. नवा कर्नल आला की डीकेएमएस तो त्याच्यासाठी पुन्हा तयार करतं, ते या वेळी फसलं होतं. नेटच नाही, तर उपाय शोधायचा कुठे? 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आदला कर्नल निवडला, दोन मिनिटांत वाय-फाय हजर. तुझं एनव्हिडियाचं कार्डही याच जातीचं आहे, म्हणून सांगतोय.

उबुंटूत नवा कर्नल जुन्याला पुसत नाही, शेजारी येऊन राहतो. मॉड्यूल्सचा संसारही वेगळा थाटतो. तू डिस्क एन्क्रिप्ट केली आहेस, त्यामुळे तुझं बूट पार्टिशन वेगळं आणि लहान. कर्नलची फाइल पंधरा एमबीच्या आसपास असते; खरी जागा खाते ती सोबतची इनिटआरडी, ती सहज शंभरच्या पुढे जाते. पार्टिशन भरलं की अपडेट मध्येच अडकतं, म्हणून साठाही नको.

फाइल मॅनेजर उघडून बूटमधल्या फाइली हाताने मात्र उडवू नकोस. ॲप्टच्या वहीत त्या तशाच नोंदलेल्या राहतात आणि पुढचं अपडेट रुसतं. 'ऑटोरिमूव्ह' चालव, चालू कर्नलला तो हात लावत नाही. पण तो आकडे बघतो, तुझा प्रोजेक्टर चालतो की नाही ते बघत नाही. म्हणून नवा कर्नल चार दिवस वापर. झाकण मिटून उघड, ब्लूटूथ जोड, प्रोजेक्टर लाव. मग काढायचा तो काढ.

जुना नुसता पडून असला तर त्रास नाही. त्यातच मुक्काम ठोकू नकोस, नव्यात बुजवलेली सुरक्षेची भोकं त्यात उघडीच असतात.

तुझ्या फेडोरावाल्या मित्राला हा प्रश्नच नाही, तिथे तीनची मर्यादा आधीच घातलेली असते. आर्चवर मात्र नवा कर्नल जुन्याच्या जागीच बसतो, तिथे एलटीएस सोबत ठेवावा.

आज रात्रीच एकदा जुन्या कर्नलवर जाऊन ये. मेन्यू आला नाही तर सुरू होताना एस्केप दाब, एकदाच. सारखं दाबलंस तर ग्रबचा काळा पडदा येतो. आला तर मला फोन करू नकोस, रीस्टार्ट कर. मी दहाला झोपतो.

तुझा,
मामा