कानाला पक्ष नसतो

माणसाची मतं त्याच्या दोन कानांच्या मधोमध राहतात. इतका सख्खा शेजार, पण दोघांचं कधी पटत नाही. मत म्हणतं, "हा माणूस आपल्यातला नव्हे." कान म्हणतो, "गप रे, अंतरा चाललाय!"

आमच्या उंब्रजला सेवादलातले एक निवृत्त मास्तर आहेत. साताऱ्याकडचा माणूस, लहानपण पत्री सरकारच्या गोष्टी ऐकण्यात गेलेलं. संघाचं नाव काढलं की चहाचा कप बशीत आपटतात. पण रामनवमीला देवळाच्या कर्ण्यावर गीतरामायण सुरू झालं की मास्तरांची मान डोलायला लागते. मग कुणीतरी मुद्दाम काडी घालतं. "मास्तर, सुधीर फडके संघाचे हो! १९५४ साली दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात होते. लोकवर्गणी काढून सावरकरांवर सिनेमा केला, २००१ साली." मास्तर डोळे न उघडता म्हणतात, "ठाऊक आहे. सूर बघा कसा लागलाय!"

पुन्हा गंमत अशी की, गीतरामायण लिहिणारे गदिमा काँग्रेसचे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी झाली. काँग्रेसवाल्यानं लिहायचं, संघवाल्यानं चाल लावायची आणि समाजवाद्यानं मान डोलवायची! एवढी मोठी आघाडी आपल्या राजकारणात १९७७ साली झाली होती. ती दोन-अडीच वर्षांत मोडली. गीतरामायण अजून चालू आहे.

याच्या उलटही होतं. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे पक्के कम्युनिस्ट. त्यांची 'माझी मैना' संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली, म्हणजे त्या वेळच्या काँग्रेस सरकारच्या विरोधात. आणि आमचा तालुका कऱ्हाड, म्हणजे खुद्द यशवंतरावांचा! पण जन्मात कधी विळ्यावर शिक्का न मारलेली मंडळी ती लावणी लागली की मांडीवर ताल धरतात.

इथवर सगळं ठीक आहे. घोटाळा होतो तो कानाचा हिशेब मताच्या वहीत मांडला की. २०१३ साली पुण्यात लतादीदींनी नरेंद्र मोदी पंतप्रधान व्हावेत, अशी इच्छा बोलून दाखवली. लगेच त्यांचं भारतरत्न परत घ्या म्हणणारे निघाले. अहो, ते दिलं होतं गळ्याला, मताला नव्हे! पण मग दुसऱ्या बाजूनंही तसंच. एवढा गोड गळा म्हणतोय म्हणजे खरंच असणार, असं म्हणून कुणी मत देत असेल, तर तोही सुरांना नसलेलं काम सांगतोय.

आता हे सगळं आपण हसत बोलू शकतो, कारण आपला असतो तो नुसता मतभेद. जिथं जखम असते तिथं काय करायचं? जर्मन संगीतकार वाग्नर १८८३ सालीच वारला. पण ज्यूंविषयी फार विखारी लिहून गेला आणि पुढं हिटलरचा लाडका झाला. १९८१ साली आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी इस्रायलमध्ये त्याचं संगीत वाजवायला घेतलं. ज्यांना ऐकायचं नसेल त्यांनी खुशाल जावं, असं आधी सांगितलंही. तरी आरडाओरडा झाला. एकानं तर पुढं येऊन अंगावरचे व्रण उघडे करून दाखवले.

त्या माणसाला "कलेकडं कला म्हणून बघा" असं सांगायला कुणाची जीभ रेटेल? वाग्नरचा सूर बेसूर होता असं नव्हे. पण त्या माणसाच्या कानात सुराच्या आधी दुसरंच काही वाजत होतं. दोन वह्या वेगळ्या ठेवणं ही ज्याचं काही जळालं नाही त्याची चैन आहे.

तेव्हा गाणं आवडलं तर बिनदिक्कत ऐकावं, गाणाऱ्याशी बिनदिक्कत भांडावं. आणि शेजारी खरोखरचा दुखावलेला माणूस बसला असेल, तर वाद न घालता रेडिओ बंद करावा. "पण चाल काय लावलीय!" हे मनातल्या मनात म्हणायला कुणाची हरकत नसते.