कार्बोरेटरखालचा बोल्ट

ती छिन्नी खाली ठेव. आधी छिन्नी खाली, मग बोलणं.

काय केलंस हे कळतंय का तुला? सगळे बोल्ट काढूनही हेड सुटेना, म्हणून तू हेड आणि ब्लॉकच्या सांध्यात छिन्नी घातलीस आणि वरून हातोडा हाणलास. बिडाचा कोपरा उडाला. पोलाद वाकतं, बीड वाकत नाही, फुटतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षी, पहिल्याच महिन्यात मी हे फळ्यावर लिहिलं होतं आणि तू वहीत उतरवून घेतलं होतंस. हेड चिकटलेलं नव्हतंच. एक बोल्ट तू काढलाच नव्हतास. तो बाहेरून दिसत नाही. या जीपच्या इंजिनात हवेची आत जायची वाट हेडमध्येच ओतलेली आहे. कार्बोरेटर थेट हेडच्या माथ्यावर बसतो आणि त्याच्या खाली, त्या तोंडाच्या आत, हा बोल्ट आहे. कार्बोरेटर उतरवून टॉर्च मारायला पाच मिनिटं लागली असती. तू दोन तास हातोडा मारत बसलास.

‘माहीत नव्हतं, सर’ हे मला सांगू नकोस. माहीत नसणं हा गुन्हा नाही. मलाही हा बोल्ट माझ्या उस्तादांनीच दाखवला होता, पण हेडला हात लावण्याआधी मी त्यांना विचारायला गेलो होतो. माझं घर रुळांच्या या बाजूला, तुझं त्या बाजूला. मनमाडला माल आणायला आठवड्यातून दोनदा जातोस, माझ्या दारावरून जातोस. एकदा थांबला असतास तर हे हेड आज शाबूत असतं.

आणि मुळात हेड काढायची गरजच नव्हती, हे आता नीट ऐक. तू निघालास कशासाठी? इंजिन खडखडतंय, टॅपेट लावले तरी आवाज जात नाही, म्हणून. किती टॅपेट लावलेस? चार. वरचे. व्हॉल्व्ह किती आहेत? आठ. मग बाकीचे चार कुठे गेले, असा प्रश्न तुला एकदाही पडला नाही?

हे हरिकेन इंजिन आहे. १३४ घन इंचाचं, म्हणजे जवळजवळ २२०० सीसी. महायुद्धातल्या विलीज जीपचं इंजिन याच घराण्यातलं, पण त्यात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते आणि ताकद ६० अश्वशक्ती होती. पुढे विलीजवाल्यांनी इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्टचे खालीच ठेवले आणि ताकद ७० च्या पुढे नेली. त्यानं इंजिनाची उंची वाढली, म्हणून १९५३ साली आलेल्या सीजे-३बीचं बॉनेट उंच करावं लागलं. ज्या उंच कपाळाचे फोटो तू गावभर दाखवत फिरतोस, ते कपाळ या वरच्या व्हॉल्व्हसाठी उंच आहे. बॉनेट आवडलं, पण ते उंच का, हे तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मॅनिफोल्डच्या बाजूचं ब्लॉकवरचं झाकण उघडलं असतंस, खालचे चार टॅपेट सापडले असते, फिलर गेज घालून इंजिन थंड असताना इनटेकला १८ थाऊ आणि एक्झॉस्टला १६ थाऊ लावले असतेस आणि संध्याकाळी घरी जाऊन जेवला असतास. पन्नास वर्षांहून जुनं हेड फुटलं ते गंजानं नाही, म्हातारपणानं नाही. तुझ्या घाईनं फुटलं.

चाकांचंही तेच. डाव्या बाजूचे तीन स्टड तू मोडलेस. पान्याला पाइप लावून, त्या पाइपवर उभा राहून. विलीज घराण्याच्या जुन्या जीपांत डाव्या चाकांना उलटे आटे असतात. गाडी पुढे जाताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून तशी योजना होती. स्टडच्या तोंडावर ‘एल’ अक्षर ठोकलेलं आहे. ग्रीस पुसून बघ, अजून दिसेल. नट हलत नसला की ताकद वाढवायची नसते, आधी थांबायचं असतं. नट काहीतरी सांगत असतो.

स्टड नवे मिळतात. हेडही बिडाचं काम जाणणारा चांगला कारागीर मिळाला तर जोडता येईल. आधी सगळं हेड तापवून, मग सांधून, मग सावकाश थंड करून. पण काल तू जे केलंस त्याला दुरुस्ती नव्हती आणि त्यासाठी मी तुला सहज सोडणार नाही. सीटखालचा पत्रा कुजला होता, तो कापून तू नवा तुकडा वेल्ड केलास. कुठे? टाकीला लागून. टाकी जागेवर असताना! ‘रिकामी होती’ म्हणालास. अरे, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट असते. भरलेल्या टाकीत पेट्रोल असतं, रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा असते, आणि भडका त्या मिश्रणाचाच उडतो. शेडच्या दारात तुझी चार वर्षांची मुलगी उभी होती. मी पाहिलं आहे तिला. टाकी बाहेर, इंधनाची नळी बंद, बॅटरीची वायर काढलेली, वाळूची बादली हाताशी. एवढं केल्याशिवाय या शेडमध्ये पुन्हा वेल्डिंगची ठिणगी पडली तर या गाडीचं एकही काम मी करणार नाही आणि कुणाला करूही देणार नाही.

रंगाचं थोडक्यात सांगतो. गंजावर बोटभर लांबी भरून वर ऑलिव्ह ग्रीन मारलास तो सगळा खरवडून काढ, कारण आतला गंज लांबीखाली थांबत नाही, चरत जातो. नांदगावच्या कोरड्या हवेनं या चेसिसला वाचवलं. हीच गाडी कोकणात असती तर पत्रा केव्हाच हातात आला असता. इतकी वर्षं जे दुष्काळानं राखलं त्यावर तू ओली लांबी थापलीस. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालणंही आजपासून बंद. आपल्या पाण्यातला क्षार तूही रोज तुझ्या पातेल्यांच्या तळाशी बघतोस, तोच ब्लॉकच्या आत जमतो.

आता त्या पाट्या. डॅशबोर्डवरच्या पत्र्याच्या पाट्या तू भंगारवाल्याला दिल्यास. ‘खराब दिसत होत्या.’ एका पाटीवर गिअरच्या आणि ट्रान्स्फर केसच्या दांड्या कशा टाकायच्या त्याचं चित्र होतं, दुसरीवर चेसिस नंबर होता. ती गाडीची जन्मपत्रिका होती. शिवाय चेसिसवर ठोकलेल्या नंबराजवळ तू ग्राइंडर फिरवलास. सुदैवानं अंक वाचले. एक अंक गेला असता तर गाडी कुणाची हे कुठल्या तोंडानं सांगितलं असतंस? आरसी बुकात १९६८ लिहिलंय. १५ जुलै २०२१ ला केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नोंदणी दहा वर्षांची असते, आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. तुला हाच मान हवाय ना? मग डिझेल इंजिन आणि डबवालीच्या जीप-बाजारातून रुंद टायर मागवायची भाषा कशी काय सुरू झाली? पेट्रोल महागलं तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी जीपांची मूळ इंजिनं निघाली आणि त्यात डिझेल बसली. त्या लोकांना पोट होतं, रोज शेतमाल ओढायचा होता, त्यांना मी दोष देत नाही. तुला ती गरज नाही. आणि त्यांच्या त्या गरजेतून जी मोजकी मूळ इंजिनं वाचली, त्यातलं एक तुझ्या शेडमध्ये आहे.

ही गाडी मला कशी माहीत आहे ते तुला ठाऊक नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर अशीच सरकारी जीप यायची. हजेरी घेणारे साहेब तिच्यातून उतरायचे. आम्ही पोरं तिच्या धुळीमागे पळायचो, तिचा आवाज लांबून ओळखायचो. माझ्या आईनं त्या कामावर खडी फोडली आहे. पुढे मी हा धंदा शिकलो तो त्या आवाजापायी. तुझ्या आजोबांनी ही जीप लिलावात घेतली तेव्हा तिचं बॉनेट पहिल्यांदा मी उघडलं होतं. १९४९ साली मुंबईत माझगावला महिंद्रांनी विलीजचे सुटे भाग जोडून पहिल्या जीपा उभ्या केल्या. त्यानंतर खेड्यापाड्यांत रस्त्यांच्या आधी या गाड्या पोचल्या. ते वाचायला पुस्तकं आहेत. ऐकायला मात्र हे इंजिनच लागतं.

ब्रेकचं राहिलं. श्रावणात घरच्यांना घेऊन पिनाकेश्वरला जायचं म्हणालास, पुढे कन्नडचा घाट चढायचा म्हणालास. चारही चाकांच्या ब्रेकना एकच मास्टर सिलिंडर आहे, एकच तेलाची वाट. आजच्या गाडीसारखे दोन भाग नाहीत. एक नळी फुटली की चारही चाकं मोकळी. मागच्या उजव्या ड्रमच्या आतून तेल गळतंय. चाकाच्या आतल्या बाजूचा ओघळ तू पुसलास, ड्रम उघडला नाहीस. हँडब्रेक आहे, पण तो ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्टवर धरतो, उभी गाडी धरण्यासाठी. घाटात उताराला लागलेली गाडी तो थांबवणार नाही. चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळे होज आणि नळ्या नव्या बसल्याशिवाय ही गाडी शेडच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. रंगाआधी ब्रेक. इंजिनाआधीही ब्रेक.

रडू नकोस. रागावलो ते हात तुझा आहे म्हणून. वर्गात तीस मुलं होती, त्यात कानानं बेरिंग ओळखणारा तू एकटा होतास. तो कान अजून आहे, पण तू त्याचं ऐकत नाहीस, फोटोचं ऐकतोस.

उद्या सकाळी आधी भंगारवाल्याकडे जा. पाट्या अजून वितळल्या नसतील. मागेल ते पैसे दे. मग बाजारातून प्लास्टिकचे डबे आण. जो भाग सुटेल तो डब्यात, डब्यावर चिठ्ठी, आणि सोडण्याआधी वहीत चित्र. फोनमधला फोटो चालणार नाही, हातानं काढलेलं चित्र. काढताना नजर थांबते. मी रोज संध्याकाळी येईन.

आणि आत्ता, या क्षणी, तो उडालेला बिडाचा तुकडा शोध. जोडणाऱ्याला मूळ तुकडाच लागेल. तो केवढा आहे? अंगठ्याएवढा? मग कुठे गेला? टेबलाखाली बघ, टायरच्या मागे बघ. दार लावून घे, झाडू आण. टॉर्च इकडे दे, मी या बाजूनं बघतो.